फाइलीत नसलेला आवाज

ऑफिसात तिला सगळे पाटीबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ वळली की पाटीबाई. नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी ती त्याला ऐकवायची, "मशीन कसं कोऱ्या पाटीसारखं उठलं पाहिजे." त्यावरून ते नाव पडलं आणि चिकटलं. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

एका मोठ्या तपासणी लॅबचे सर्व्हर ती सांभाळायची. रक्त-लघवीचे रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत पोचवणारी मशीनं. तिच्या आधी ते काम करणाऱ्या गृहस्थांचा हात भारी चालायचा. काही अडलं की मशीनमध्ये शिरून काहीतरी ठोकून द्यायचे, आणि काय ठोकलं ते कुठं लिहून ठेवायचे नाहीत. ते नोकरी सोडून गेले आणि एक दिवस मशीन बंद पडलं. कुठली खुंटी कुठं मारली होती ते कोणालाच सांगता येईना. पेशंट दारात उभे, आणि बोलणी खायला ही. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. मशीन चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीचा असा प्रकार निवडला, ज्यात हातानं काही करायचंच नाही. मशीनवर काय काय हवं ते एका फाइलीत लिहायचं. ती वाचून मशीन स्वतःला तसं घडवतं. त्यावरही तिनं कडी केली. फाइलीत ज्या फोल्डरचं नाव नाही तो डिस्कवर जाणारच नाही, तात्पुरत्या मेमरीत राहील, आणि मशीन बंद झालं की पुसला जाईल. कोणी चोरून काही ठोकलंच, तर ते आपोआप साफ. "लिहिलं नाही म्हणजे नाहीच," असं ती म्हणायची, आणि म्हणताना तिची मान जराशी ताठ व्हायची.

घरचा कॉम्प्युटरही तिनं तसाच करून ठेवला होता. घरात माणसं दोन, ती आणि तिचे वडील, अण्णा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि हिच्या लग्नाचा विषय दोघांनीही कधीच सोडून दिला होता. अण्णा ट्रकच्या गॅरेजात फोरमन होते. चालू इंजिनावरून ओरडायची सवय. त्यामुळे जेवताना मीठ मागितलं तरी शेजारी दचकत. लेकीच्या मशीनचं त्यांना कौतुक, पण ते बाहेर पडायचं टोमण्यातूनच. दर वेळी नवीन इंजिन बसवतेस होय, आमच्या मालकानं तर हाकलूनच दिलं असतं, म्हणायचे.

मग अण्णांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. हॉस्पिटलातल्याच एका बाईंनी सुचवलं, की ऑपरेशनआधी रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, नंतर बटण दाबलं की कॉम्प्युटर त्यांच्या वतीनं बोलेल.

रविवारी दुपारी दोघं बसली. चांगला माईक आणला होता. आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद केला. अण्णा आधी लाजले, मग रंगात आले. चहा टाक. दार लोटून घे. पाठीला उशी दे. डॉक्टर आले की म्हणायला एक वाक्य, आणि डॉक्टर गेल्यावर म्हणायला एक. लहानपणी ती गुटगुटीत होती, तेव्हापासूनची तिला मारायची हाक, "ए भोपळ्या." शेवटी ती म्हणाली, आता हसून दाखवा. हसून दाखव म्हटल्यावर हसू येतं का कुणाला, असं म्हणता म्हणता ते मांडीवर हात आपटून हसत सुटले. ते हसूही रेकॉर्ड झालं.

सगळं तिनं 'आवाज' नावाच्या फोल्डरात घातलं. त्या फोल्डरचं नाव फाइलीत लिहायचं होतं, एक ओळ. रात्रीचं जेवण झाल्यावर लिहू म्हणाली. संध्याकाळीच हॉस्पिटलचा फोन आला, खाट रिकामी झालीय, उद्याच दाखल व्हा. धावपळीत ती ओळ राहून गेली. कॉम्प्युटर चालूच होता, फोल्डर जागच्या जागी होता. हॉस्पिटलातून आली की ती रोज ती हाक एकदा ऐकायची. रोज ऐकत होती, म्हणूनच बहुधा ती कुठं जाईल असं तिच्या मनातही आलं नाही.

अण्णा घरी आले. गळ्याला भोक, त्यावर पातळ फडकं. बोलायला म्हणून तोंड उघडायचे आणि मिटायचे. तिनं त्यांना उशीला टेकवून बसवलं. "थांबा, तुमचा आवाज आणते," म्हणाली. बाहेरच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरची वायर काढली, तो उचलून त्यांच्या पलंगाशी आणला, आणि पुन्हा वायर लावली.

मशीन कोऱ्या पाटीसारखं उठलं.

फोल्डर नव्हता. काय झालं ते तिला त्याच क्षणी कळलं. शिस्त तिनंच घालून दिलेली. तरी आशा सुटत नाही. हे मशीन सुरू होताना आपल्या जुन्या अवस्थांची यादी दाखवतं, हवी ती निवडून मागं जाता येतं. ती एकेकीत जाऊन आली. प्रत्येक अवस्था नीटनेटकी उभी राहिली, आणि एकीतही अण्णा नव्हते. बॅकअप होता तो फाइलीत लिहिलेल्या फोल्डरांचाच. फोनवर निरोप ठेवणं अण्णांना भिंतीशी बोलल्यासारखं वाटे, त्यामुळे तिथंही काही नाही. मावसभावाच्या लग्नाचा एक व्हिडिओ तेवढा सापडला. त्यात अण्णा ओरडून काहीतरी सांगत होते, आणि त्यांच्या आवाजावर बँड वाजत होता.

मग तिनं फाइल उघडून ती ओळ लिहिली. बैल गेला आणि झोपा केला. मशीन बंद करून चालू केलं. आता फोल्डर होता, आणि यापुढे कायम राहणार होता. रिकामा.

अण्णा पलंगावरून सगळं बघत होते. त्यांनी उशाशी ठेवलेला चमचा पलंगाच्या कडेवर वाजवला, तेव्हा तिला वळावंच लागलं.

"अण्णा, सगळं गेलं. माझ्यामुळे गेलं. एक ओळ लिहायची होती, मी लिहिली नाही."

त्यांनी हातानंच कागद मागितला. गॅरेजात पोरांच्या हातून काही मोडलं की जे म्हणायचे, तेच सवयीनं लिहून तिच्यापुढं धरलं. "जाऊ दे. परत करू."

तिनं वाचलं. तिचा चेहरा बघून त्यांनी कागद स्वतःकडे वळवला आणि आपलंच वाक्य पुन्हा वाचलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. डोळे मिटले, तोंड उघडलं, एक हात मांडीवर आपटला. अण्णा हसत होते, अगदी त्या रविवारसारखे.

तिनं उठून पंखा बंद केला आणि कान देऊन उभी राहिली. फडक्याआडून वाऱ्याची फुसफुस येत होती, बाकी काही नाही.