ताईला एकटीला चालू करता येईल असं

पत्रक माझंच होतं. चार पानी, मधोमध दुमडलेलं, वर ठळक अक्षरांत ‘व्हायब्रेटर कसा निवडावा’. बायकांच्या लैंगिक आरोग्यावर काम करणाऱ्या आमच्या गटातल्या ज्येष्ठ बाईंना ‘व्हायब्रेटर’ काढून तिथे ‘आनंदाची साधनं’ घालायचं होतं. मी म्हटलं, तसं लिहिलं तर बायकांना वाटेल आपण टाळ-चिपळ्या वाटतोय. शब्द राहिला. खराडीतल्या एका कंपनीत मी ते वाटलं, बायकांनी पर्सच्या आतल्या कप्प्यात घातलं, दोघींनी नंतर जिन्यात गाठून खरे प्रश्न विचारले. मी खूश होते. घराघरात जायला हवी ती गोष्ट आपण घराघरात नेतोय, असं मला वाटत होतं.

मग मांजरी गावाहून ताईचा फोन आला.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. माझ्याहून बरीच मोठी. तिला आमवात आहे, पंचविशीत सुरू झालेला. बोटं मनगटापासून एका बाजूला कललीत, सकाळी मुठी उघडत नाहीत, आणि उघडल्या तरी चिमटीत काही पकडता येत नाही. लग्न झालं होतं. नवऱ्याने ‘उपचारासाठी’ म्हणून माहेरी आणून सोडलं आणि तिचे उपचार चालू असताना स्वतःसाठी दुसरी बायको शोधली. आता ती आणि मावशी दोघीच राहतात. ताई आवाजाने टाइप करून एका कंपनीचं काम करते आणि घर तिच्या पगारावर चालतं. हे मुद्दाम सांगते, कारण तिच्याबद्दल बोलताना लोक आवाज खाली आणतात. तिला दयेची नाही, सुट्टीची गरज असते.

“तुझं पत्रक वाचलं,” ताई म्हणाली. “पाच प्रकार दिलेत.”

“हो. आवडलं?”

“पाचांतला एकही मला चालू करता येणार नाही.”

तीच पुढे म्हणाली, “हे बघ, मला आंघोळ आई घालते. केस आई विंचरते. ब्राचा हुक आई लावते. हे एक तरी आईकडून नको. आईकडून नको, तुझ्याकडून नको, कुणाकडूनच नको. मला एकटीला चालू करता आलं पाहिजे आणि एकटीला बंद करता आलं पाहिजे. असलं काही असेल तर सांग. नसेल तर तुझ्या पत्रकावर लिही, फक्त धडधाकट हातांसाठी.”

ती काही पहिल्यांदा विचारत नव्हती. सांधेदुखीच्या डॉक्टरांकडे दर खेपेला एक प्रश्नावली असते. केस विंचरता येतात का, शर्टाची बटणं लावता येतात का, नळ फिरवता येतो का, पेला तोंडापर्यंत नेता येतो का. एकदा सगळं सांगून झाल्यावर ताई म्हणाली होती, “आणि बाकीचं?”

“बाकीचं म्हणजे?”

“शरीराचं बाकीचं.”

डॉक्टरांनी ताईकडे नाही, मावशीकडे बघितलं. म्हणाले, “मिस्टर असतात का बरोबर?” नाहीत म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. विषय संपला आणि रक्ताची तपासणी लिहून दिली. म्हणजे मिस्टर असते तर शरीर होतं. मिस्टर गेले, ते शरीरही घेऊन गेले.

आणि ती शिबिरं. अपंगांसाठीच्या साहित्य वाटपाची. ताईला एका शिबिरात जाड दांड्याचा चमचा आणि लांब दांड्याचा कंगवा मिळाला होता. देताना चार माणसं त्या चमच्याला हात लावून कॅमेऱ्याकडे बघत उभी होती, चमचा घेणारी कुठे आहे ते फोटोत शोधावं लागतं. चमचा चांगला आहे, ती रोज वापरते. मला राग चमच्याचा नाही. कुणीतरी बसून विचार केला की ही बाई जेवेल कशी. फणी कशी धरेल याचाही विचार केला. तिथे येऊन सगळ्यांचा विचार थांबला. जेवण झालं, भांग पडला, बाई पूर्ण झाली.

रविवारी दुपारी मावशी विहारात जाते, घर मोकळं असतं. मी वाघोलीहून आमच्या गटाची प्रात्यक्षिकाची पेटी घेऊन गेले. पेटीतले नमुने कोरे असतात, प्रशिक्षणात हातोहात फिरवायला. ताईने सगळे जेवणाच्या टेबलावर मांडायला लावले आणि खुर्ची ओढून परीक्षकासारखी बसली.

पहिला बुलेट, लिपस्टिकएवढा. शहाण्याने त्याचं चालू-बंद शेपटीत ठेवलंय, पिळायचं. ताईने दोन्ही तळव्यांत धरून पिळायचा प्रयत्न केला, तो सुटून फ्रिजखाली गेला.

“हा गेला,” ती म्हणाली. “पुढचा.”

दोन फांद्यांचा, ज्याला सगळे रॅबिट म्हणतात, आत आणि बाहेर एकाच वेळी लागणारा. त्याची बटणं तांदळाच्या दाण्याएवढी. शिवाय तो आत धरून ठेवायचा तर कंबर आणि मनगट दोन्ही वळायला हवं. “हे व्यायामशाळेतलं आहे,” ताई म्हणाली. ओढून घेणारा, म्हणजे हवेच्या झोताने चालणारा, तिला आवडला, पण तो नेमक्या जागी दाबून धरावा लागतो आणि धरणं हाच तर सगळा प्रश्न. मग तळहातात बसणारा, नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. त्यावर ती थोडी थांबली. हा पकडावा लागत नाही, नुसता ठेवला तरी चालतो. पण त्याचं बटण सिलिकॉनच्या आत बुडालेलं, आणि दाबून धरलं तरच सुरू होणार. बोटाच्या पेराने दाबलं, सटकलं. शेवटी तिने तो टेबलावर ठेवला आणि हनुवटीने दाबला. सुरू झाला. टेबलावर गोलगोल फिरायला लागला. आणि काही केल्या थांबेना.

“आता बंद कोण करणार?” ताई म्हणाली. “आईला हाक मारू? आई, जरा येतेस का गं, माझं झालंय.”

आम्ही दोघी खूप हसलो. मग ती एकदम थांबली आणि म्हणाली, “हसू नकोस. हेच होणारे.”

फोनवरून चालणारा मी पेटीतून काढलाच नव्हता. त्या प्रकारावर माझा दात आहे. जाहिरातीत काय लिहितात, तर जोडीदार परगावी असला तरी नियंत्रण त्याच्या हाती. म्हणजे बाईच्या अंगातल्या यंत्राचं बटणही पुरुषाच्या खिशात, तो मीटिंगमध्ये बसून दाबणार. याला स्वातंत्र्य म्हणून विकतात आणि आपल्यातल्या शिकलेल्या बायका विकत घेतात.

“भाषण झालं असेल तर दाखव,” ताई म्हणाली. “माझा जोडीदार माझा फोन आहे. त्याच्याशी मी आवाजाने बोलते.”

मुद्दा बरोबर होता. काढला. अ‍ॅपने आधी खातं उघडायला लावलं. मग जन्मतारीख. मग तुम्ही कुठे आहात हे कळू दे म्हणालं. मी म्हटलं, तुला काय करायचंय ती कुठे आहे ते, घरातच आहे, दहा वर्षं घरातच आहे. सगळं देऊन झाल्यावर सूचना आली, आता उपकरणावरचं बटण दाबून धरा. घोडं पुन्हा त्याच बटणावर अडलं.

त्या आठवड्यात मी विक्रेत्यांना लिहिलं. हातांनी काम न करू शकणाऱ्या बाईला कोणता प्रकार चालेल, असं सरळ विचारलं. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एकाने दिलं. ‘मॅडम, आपण पतींची मदत घेऊ शकता.’ खाली गुलाबाचं फूल. मी त्याला काय लिहिलं ते आमच्या ज्येष्ठ बाईंनी वाचलं असतं तर मला गटातून काढलं असतं. लिहिलं ते लिहिलं.

पुढच्या रविवारी मी रिकाम्या हाताने गेले. ताई पलंगावर पडून पंख्याकडे बघत होती. उकडतंय म्हणाली आणि पलंगाशेजारच्या बोर्डावर कोपराने बटण मारून पंखा वाढवला. मग तशीच कोपर टेकवून बोर्डाकडे बघत राहिली.

“हे मला येतं,” ती म्हणाली. “भिंतीवरच्या बटणावर चालणारं काही नाही का?”

“वायरवाले असतात. मसाजर.”

“तुझ्या पत्रकात ते टाळा म्हणून लिहिलंय.”

“कारण ते ढोंग आहे. पाठदुखीच्या नावावर विकायचं, डब्यावर मान धरून बसलेल्या आजीबाईंचा फोटो छापायचा, आणि ज्यासाठी बायका नेतात त्याचं नाव काढायचं नाही. आपण असल्या चोरट्या...”

“विकू दे गं चोरून. मला ढोंगाशी नाही, बटणाशी काम आहे.”

एका मोठ्या इस्पितळाजवळ कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, कमरेचे पट्टे विकणारं दुकान आहे, तिथे गेले. काउंटरवरचे काका पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न करता विचारलं, “कोणाला हवंय?”

“मला.”

“काय होतंय?”

“काही होत नाही. म्हणून तर हवंय.”

पेपर खाली आला. काकांनी मला नीट बघितलं आणि मागच्या फळीवरून डबे काढायला लागले. मी म्हटलं, दाबायचं बटण नको, सरकवायचा खटका हवा, आणि खटका चालू ठेवून भिंतीवरून वीज दिली तर लगेच सुरू झाला पाहिजे. डोकं गोल आणि मऊ हवं, दणके देणारं नको. काका म्हणाले, “एवढं तर पाठदुखीवाले विचारत नाहीत.” मी म्हटलं, त्यांची पाठ दुखत असेल. काकांनी पिन लावून एकेक चालवून दाखवला. बरेचसे वीज आल्यावर गप्पच राहत, पुन्हा बटण दाबा म्हणत. एक बोजड, राखाडी, मुद्गलासारखा दिसणारा मात्र पिन लागताच घुमायला लागला. याहून कुरूप वस्तू मी आयुष्यात घेतलेली नाही.

तो हातात धरायला जड होता, पण धरायचाच नव्हता. ताईने लोड घ्यायला लावला, लोडाच्या आणि पलंगाच्या मध्ये दांडा खोचला, डोकं बाहेर. यंत्र जागेवर राहणार, ती सरकणार. खटका सगळ्यात हळू वेगावर ठेवून दिला, पिन बोर्डात कायमची. मी सूचना दिल्या: वायरचं आहे, पाण्याखाली धरायचं नाही, कापडावरूनच, तापायला लागलं की थांबायचं. वर चढवायला निरोध सांगतो आम्ही, पण तो उघडायला बोटं लागतात, म्हणून मी सुती पिशव्या शिवून नेल्या होत्या, सैल तोंडाच्या, तळव्यांनी ओढता येतील अशा. कपड्यांचं मशीन ताईच लावते, त्यामुळे तिथेही मावशी नाही.

ताईने कोपराने बटण मारलं. घूं. पुन्हा मारलं. शांत. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही तिने.

“बरं. आता नीघ,” ती म्हणाली.

“अगं, मी बाहेरच्या खोलीत बसते, काही लागलं तर...”

“लागणार नाही. घरी जा.”

चार दिवसांनी मी फोनवर विचारलं, कसं काय. पत्रकाची सुधारित आवृत्ती काढायची होती, अनुभव हवा होता. हातांचा त्रास असणाऱ्या कितीतरी बायका असतील, त्यांच्यापर्यंत जायला हवं, वगैरे.

“लिही, वायरचा चालतो. खटका कसला घ्यायचा ते लिही, लोड लिही, पिशव्या लिही,” ताई म्हणाली. “माझं नाव नको.”

“आणि तुला कसं वाटलं?”

“ते तुझ्या पत्रकासाठी नाहीये.”

मी चिडले. मग पत्रकात खटका, लोड आणि पिशव्या एवढंच लिहिलं.

त्यानंतर गेले तेव्हा मावशी घरातच होती. मी चपला काढत होते तोवर ती ताईच्या खोलीतून यंत्र उचलून, वायर गुंडाळत बाहेर आली आणि टीव्हीसमोर बसली. “बरं आणलंस हो हे,” मला म्हणाली. “कधीची म्हणत होते, गुडघ्यांना काहीतरी हवं.” आणि पिन खोचायला जागा शोधायला लागली.

आतून ताईचा आवाज आला. “आई, ते जागेवर ठेव.”

“मी काय खातेय का?”

“जागेवर ठेव म्हटलं ना.”

“पाच मिनिटं लावते नि देते. तुझ्या पाठीला लावलेलं माझ्या गुडघ्याला चालत नाही होय? एवढं धुणं-पुसणं करते तुझं, आणि एक वस्तू...”

ताई दारात येऊन उभी राहिली. आईला कधी मोठ्याने बोलत नाही ती, बोलून चालणारच नसतं, सगळंच आईच्या हातात. पण त्या दिवशी बोलली.

“पाठीला लावत नाही मी ते. ते माझं आहे. तू हात लावायचा नाहीस.”

मावशीने हातातल्या वस्तूकडे बघितलं. पिशवीकडे बघितलं. मग माझ्याकडे, आणि माझ्याकडे बघताना तिच्या डोळ्यांत सगळी पत्रकं जळाली असावीत. टीव्हीवर कुणीतरी भाजी फोडणीला टाकत होतं. मावशी उठली, ताईच्या बाजूने खोलीत गेली, बाहेर आली ती रिकाम्या हाताने, आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“तू आणलंस ना ते?”

“हो.”

“मग माझ्या गुडघ्यांसाठी दुसरं आण. आणि रंग वेगळा बघ. या घरात घोळ नको.”