केवाच्या बोटांची खबर

फ्लोरेस बेटाच्या पूर्वेकडच्या त्या गावामागे जो ज्वालामुखी उभा होता, त्याच्यावर लक्ष ठेवायला एकही यंत्र नव्हतं. केवा होती. दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की ती उतारावरच्या वाफाळत्या दगडाला डावा हात लावून यायची आणि सांगायची, "आहे तसाच." मग आठवडाभर लोक बिनघोर वरच्या शेतांत जायचे. हे काम तिला आईकडून आलं होतं.

एरवी ती मका चेपायची. मडक्यात भाजलेले कढत दाणे डाव्या हाताच्या उघड्या बोटांनी उचलून दगडावर ठेवायचे आणि उजव्या हातातला दगड त्यांच्यावर हाणायचा. चाळीस वर्षं हेच. सुनेला, लेलूला, ते जमत नसे. दाणा उचलला की ती बोटं फुंकत बसायची.

त्या रविवारी गुडघा धरला होता म्हणून केवाने लेलूला सोबत घेतलं. दगडाला हात लावून ती म्हणाली, "आहे तसाच."

लेलूनेही बोटं टेकवली आणि झटकन मागे घेतली. "इना, भाजलं." सासूला ती इना, म्हणजे आई, म्हणायची.

"तुला चहाचा पेलासुद्धा भाजतो."

"बघा तरी."

बोटांवर लाल चट्टे उठले होते. केवा बघत राहिली. मग तिने पुन्हा हात ठेवला, दहा मोजले. काहीच नाही. नातवाच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं तिने कोपर टेकवलं, आणि ते तिला लगेच उचलावं लागलं.

"माझी आईसुद्धा मका चेपायची," ती डाव्या हाताची बोटं बघत म्हणाली.

खाली चर्चच्या अंगणात लोक टोपल्या घेऊन थांबले होते.

"काय सांगणार?" लेलूने हळूच विचारलं.

"आहे ते."

केवाने सांगितलं, दगड पोळतोय, वर जाऊ नका.

"इतकी वर्षं तसाच होता, आजच बरा तापला?" म्हाताऱ्या कोपोंगने विचारलं.

"आज तापला की कधीचा, मला ठाऊक नाही. माझ्या बोटांना कळेनासं झालंय. कधीपासून, तेही माहीत नाही."

कुणीतरी टोपली खाली ठेवली.

"मग कुणाच्या बोटांना कळतं?" कोपोंग म्हणाला.

केवाने लेलूला पुढे केलं. "हिच्या. हिला मका चेपता येत नाही."

तेव्हापासून लेलूला मडक्याजवळ कुणी बसू देत नाही. ती दगडाकडे निघाली की केवा गुडघा चोळत मागोमाग जाते आणि दर वेळी विचारते, "कसं लागतं गं? नीट सांग."