रिकाम्या हौदाची गिऱ्हाइकं

“बंद करा ते पाणी!”

मी पहिल्या पायरीवर बादली ओतली आणि गल्लीतून आवाज आला. वळून पाहिलं तर घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसलेल्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या.

“इथं प्यायला थेंब न्हाई, अन् तुम्ही पायऱ्या धुवायलाव? जीव कसा धजतो तुमचा?”

लातूरमधलं मुलींचं हॉस्टेल होतं ते. क्लासेससाठी गावोगावहून आलेल्या मुली तिथं राहायच्या. मालकीण बिराजदारकाकूंनी मला ट्रायलला बोलावलं होतं. काम आवडलं तर कायमचं देणार होत्या. आता त्यांनीच येऊन माझ्या हातातली बादली काढून घेतली. “जावा बाई तुम्ही. गल्लीत तोंड दाखवायची सोय ठेवा मला.” ट्रायल संपली.

मला भयंकर राग आला. पण त्या बायकांचं काहीच चुकलं नव्हतं, त्यामुळे तो काढायचा कुणावर, हेही कळेना. नांदेडला एका खाजगी हॉस्पिटलमध्ये मी हाउसकीपिंग सुपरवायझर होते. तिथं गोदावरीच्या कृपेनं पाणी कधी मोजून वापरलं नव्हतं. नवऱ्याची बदली लातूरला झाली, म्हणून मी स्वतःचं सफाईचं काम सुरू केलं. पत्रकं छापली, त्यावर मोठ्या अक्षरात ‘चकाचक धुलाई’. दुष्काळात दारोदार धुलाईचं पत्रक वाटणारी अख्ख्या मराठवाड्यात मी एकटीच असेन.

कामं मिळत होती, पण सुटी. लग्नानंतरचं मंगल कार्यालय, नाहीतर भाडेकरूनं सोडलेलं घर. आमच्या धंद्यात पोट भरतं ते बांधलेल्या कामावर. त्याला एएमसी म्हणतात. म्हणजे वर्षभर ठरलेल्या वेळी आम्ही जायचं आणि ठरलेलं काम करायचं. ते नसेल तर आपल्यासोबतच्या माणसाला ‘उद्या ये’ असं छातीठोक सांगता येत नाही.

माझ्यासोबतचं माणूस म्हणजे शेजारच्या रेहानाभाभी. त्यांचे मिस्टर खलीलभाई सेंट्रिंगच्या कामावर होते. पाणी नाही म्हणून बांधकामं बंद पडली आणि त्यांनी पुण्याला जायचं ठरवलं. भाभींना जायचं नव्हतं. मुलगी दहावीत होती.

“ताई, एक पक्कं काम लागू द्या,” भाभी म्हणाल्या. “मग मी त्यांच्याशी भांडते. आत्ता कशाच्या जोरावर भांडू?”

म्हणून लाज गुंडाळून मी पुन्हा बिराजदारकाकूंकडे गेले. दारात टँकर उभा होता आणि काकू ड्रायव्हर मुनीरभाईंना फैलावर घेत होत्या.

“पोरींची पोटं बिघडायलीत. कसलं गढूळ पाणी देता हो?”

“काकू, माझं पाणी नितळ हाय. तुमच्या हौदाचं झाकण उघडून बघा. समदे मलाच शिव्या देतात.”

लातूरकडे घरोघरी जमिनीखाली हौद असतो. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्यानं आलं की साठवून ठेवायचं, ही जुनीच रीत. मी झाकण उचलून डोकावले. तळाशी बोटभर गाळ होता.

“काकू, हा आम्ही साफ करतो.”

“अन् आतलं पाणी? फेकणार?”

“हौद रिकामा असताना करतो.”

“रिकामा होतो तवाच तर टँकर दारात येतो. रिकाम्या हौदावर बसून राहू का मी पोरींना घेऊन?”

मुद्दा बरोबर होता. तेवढ्यात मुनीरभाई म्हणाले, “मी भरायच्या ठिकाणी रांगेत लागलो की ताईला फोन मारतो. मी रांगेतून इथवर येईस्तोवर त्यांनी उरकावं. शिव्या तर बंद होतील माझ्या.”

पुढच्या खेपेला फोन आला तशा आम्ही स्कूटीवरून निघालो. आम्ही सांगितल्याप्रमाणे काकूंनी झाकण सकाळपासून उघडं ठेवलं होतं, आत हवा खेळू द्यावी लागते. भाभी शिडीनं खाली उतरल्या, मी वर थांबले. हौदात माणूस असताना दुसऱ्यानं वर थांबायचंच, हा आमचा नियम. तळाचं पाणी डब्यानं उपसून ड्रममध्ये भरलं, संडासात टाकायला. एक तांब्याही गटारीत गेला नाही. गल्लीला दिसावं म्हणून फाटक मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं.

निम्म्या भिंती घासून झाल्या आणि टँकरचा हॉर्न वाजला. त्या दिवशी नेमकी रांगच नव्हती.

“ताई, मला थांबता येणार न्हाई,” मुनीरभाई ओरडले. “पुढं दवाखान्यात टाकायचं हाय.”

“भाभीला वर काढा अन् पाणी सोडा!” काकूंचा आवाज चढला.

अर्धवट घासलेल्या हौदात पाणी सोडलं तर मोकळा झालेला गाळ सगळ्या पाण्यात मिसळणार. टँकर परत गेला तर हॉस्टेलभर मुली कोरड्या. दोन्हीकडून काम गेलं आणि भाभी पुण्याला गेल्या. वर बघितलं तर गॅलरीत मुली रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या.

“मुनीरभाई, पाइप आधी या बादल्यांत सोडा! पोरींनो, असेल नसेल ते भांडं घेऊन खाली या.”

बादल्या आल्या, टब आले, स्वयंपाकघरातली पातेली आली. नाहीतरी ते पाणी मुलींना लागणारच होतं. मुनीरभाई कुरकुरत एकेक भांडं भरत राहिले. तोवर भाभींनी उरलेल्या भिंती घासल्या, ओल्या फडक्यानं गाळ टिपून घेतला, ब्लीचिंगचा हात फिरवला आणि वर आल्या. त्यांच्या डोक्यापासून पायापर्यंत चिखल होता आणि मला त्यांना तशीच मिठी मारावीशी वाटली.

पाइप हौदात पडला. काकूंनी टॉर्च मारला. भरत्या पाण्यातून तळाच्या फरशीचे सांधे स्वच्छ दिसत होते.

काकूंनी टॉर्च विझवला. मग म्हणाल्या, “दर महिन्याला येत जावा.”

ते आमचं पहिलं बांधलेलं काम. बाकीची मुनीरभाईंनी आणली. कुणी पाण्याला नाव ठेवलं की ते म्हणायचे, “माझ्यावर ओरडू नका, हौद धुवा. ह्या ताईंचा नंबर घ्या.” बघता बघता त्यांच्या वाटेवरची हॉस्टेलं, खानावळी आणि एक दवाखाना आमच्याकडे आला. मग दुसऱ्या ड्रायव्हरांनीही नंबर मागून घेतला.

भाभी घरी भांडल्या. “ठरलेलं काम हाय माझं. तुम्हाला पुण्याला जायचं तर खुशाल जा,” असं त्यांनी खलीलभाईंना सुनावलं. मुलीनं दहावी लातूरलाच दिली. खलीलभाई कुरकुरत मागं राहिले आणि आज हौद उपसायच्या आमच्या पंपाचं काम तेच बघतात.

पुढच्या पावसाळ्यात नळ सुरू झाले, टँकर बंद झाले, आणि आता आपलंही बंद होणार म्हणून मी धास्तावले. पण दर महिन्याला स्वच्छ तळ बघायची सवय लागलेला माणूस गाळ बघून गप्प बसत नाही. एकही करार तुटला नाही.

नवा धंदा काढलेल्या पोरी मला विचारतात, गिऱ्हाईक कसं शोधायचं? मी म्हणते, पत्रकं नंतर छापा. जे काम तुम्ही करणार आहात, ते होत नाही म्हणून आज शिव्या कोण खातंय, तेवढं आधी शोधा. तो माणूस तुमची जाहिरात फुकट करतो, आणि अगदी मनापासून करतो.