अर्धं शटर

फर्डिनंड रविवारी दुकान उघडत नाही, हे आमच्या आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. होळी बाजाराजवळ त्याचं किराणा दुकान आहे, चाळीस वर्षांचं. सहा दिवस पाय सुजेपर्यंत काउंटरमागे उभा. रविवारी मात्र चर्चमध्ये सातची मिस्सा, मग केळींना पाणी, मग स्वतःच्या हाताने शिजवलेलं पोर्क. "सहा दिवस गिऱ्हाईक सांगेल ते, सातव्या दिवशी बायको सांगेल ते," म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

गेल्या वर्षी समोर टॉवर झाला. तिथल्या सुमेधने गावच्या बैठकीत विषय काढला. "आम्ही रोज उशिरा घरी येतो. रविवारच तेवढा मिळतो. आता कायदाही सातही दिवस दुकानं उघडायला परवानगी देतो, मग हरकत काय?" बिचारा नरमाईने बोलत होता. मी ताडकन उठलो. तीस वर्षं पोरांना गप्प बसवलेला लेस्टर मास्तर मी, मला कोण आवरणार? प्रभूचा दिवस, वाडवडिलांची रीत, सगळं सगळं ऐकवलं. टाळ्या पडल्या. रविवारी आळीतलं एकही दुकान उघडायचं नाही, असा ठराव झाला. फर्डिनंड कोपऱ्यात बसला होता. तो एवढंच म्हणाला, "सर, माझं तर ठरावाशिवायही बंदच असतं." मला ते झोंबलं. टाळ्यांमध्ये त्याची टाळी नव्हती, हे मी बरोबर टिपलं होतं.

महिनाही झाला नसेल. एका रविवारी मिस्सा आटोपून माझी बायको रिटा आणि मी मॉलमध्ये गेलो. हो, रविवारीच. चादरींवर सूट होती. मॉल कुठे आपल्या आळीत आहे, अशी मी मनाची समजूत घातली. रविवारचा तेवढा निवांतपणा म्हणून फोनही घरीच ठेवला होता. दुपारी परतलो तर फर्डिनंडचं शटर अर्धं वर.

माझं डोकंच फिरलं. रिटाला पुढे पाठवलं आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन भर रस्त्यात ओरडलो, "फर्डिनंड! ठरावाची शाई वाळली नाही आणि चोरून धंदा?" टॉवरच्या बाल्कन्यांत माणसं जमली. फर्डिनंड वाकून बाहेर आला. हातात मेणबत्त्यांचा पुडा. तो शटरपुढे आडवा उभा राहिला. त्याच्या गप्प बसण्याने मी आणखी चढलो. "चाळीस वर्षांचं सोंग होतं का हे? लाज कशी वाटत नाही?"

तेव्हा त्याच्या मागून डायना बाहेर आली. चार घरं सोडून राहणारी, माझी विद्यार्थिनी. डोळे सुजलेले, पिशवीत साखर आणि चहापूड.

"सर, सकाळी आई गेली," ती म्हणाली. "घंटा नाही ऐकली तुम्ही?"

मग तिची नजर माझ्या पिशव्यांवर गेली. मॉलचं नाव मोठ्या लाल अक्षरांत होतं. मी त्या पाठीमागे लपवायला गेलो, पण लपतात कशा?

मयताची घंटा झाली की फर्डिनंड रविवार असो, नाताळ असो, शटर अर्धं वर करतो. फक्त त्या घरासाठी. दुसऱ्या कुणाला काडेपेटीही मिळत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझा बाप गेला तोही रविवारच होता. मी त्याच शटरखालून वाकून आत शिरलो होतो आणि याच माणसाने मला स्टुलावर बसवून आधी पाणी दिलं होतं. मी ते साफ विसरलो होतो. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

दफन झाल्यावर संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. "माफ कर," म्हणालो. त्याने खुर्ची दिली, आतून दुकानाची जादा चावी आणून माझ्या हातात ठेवली.

"रविवारी ही तुमच्याकडे असू द्या, सर. मी उघडलं की धंदा दिसतो. तुम्ही उघडलंत तर कुणी मयताच्या माणसासमोर ओरडणार नाही."

टोमणा असता तर परवडला असता. तो अगदी मनापासून बोलत होता.

तेव्हापासून रविवारी मी घर सोडत नाही. परवाच्या रविवारी घंटा झाली, आळीतल्याच केनीचे वडील गेले. मी धावत जाऊन शटर अर्धं वर केलं. केनीला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. तो ओंजळीत तोंड घालून रडत होता. तेवढ्यात बाहेरून टॉवरमधल्या एका गृहस्थांचा आवाज आला, "वा, मास्तर! ठराव काय फक्त दुसऱ्यांसाठी?"

खरं काय ते सांगायला मी बाहेर आलो. मागे केनी दचकून घाईघाईने शर्टाच्या बाहीने डोळे पुसू लागला. कुणी बघू नये म्हणून.

मी तोंड मिटलं आणि शटरपुढे आडवा उभा राहिलो. ते गृहस्थ आणखी काही बोलले, हसले आणि निघून गेले. मला मात्र माझेच शब्द ऐकू येत होते.