कारंज्यावरच्या मुंग्या

तालमीच्या मंडळींनो, आज ह्या फळ्यावर कुस्तीची न्हाय, कारंज्याची खबर लिवतोय. दुपारपासनं माझं पाय जमिनीवर ठरंनात.

महाराजांच्या बागेत मी माळी हाय. तिथलं काँक्रीटचं कारंजं पावसाळ्यापासनं गळत हुतं. हुसेनचाचा गवंड्यांनी विलायती सिमेंट कालवून भेगा भरल्या, पण लेप वाळायचं नाव घेईना. बोट लावलं की कणकेत रुतावं तसं आत जायचं. कारभारी तर कारंजं फोडूनच टाका म्हणत हुते.

मग एका सकाळी मला त्या भेगांवर मुंग्यांची रांग दिसली. चाचांना बोलवलं. त्यांनी वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आरं, चुन्यात घालतो तसा सवयीनं ह्यात बी गूळ घातलाय की मी. चुन्याला गूळ बळ देतो, ह्याला बाधला बघ."

सगळा लेप खरवडला आणि बिनगुळाचा भरला. दुसऱ्या दिवशी तो दगडागत कडक.

आज दुपारी पाणी सोडलं. कारंजं माणसाएवढं उंच उडालं, पण कारभाऱ्यांसकट आम्ही सगळे खाली वाकून बुडाकडंच बघत हुतो. एक थेंब बाहेर न्हाय. मी तर धोतरासकट मधे जाऊन भिजलो.

चाचांनी शिदोरीतनं गुळाचा खडा काढून कठड्याखाली ठेवला. "चूक मुंग्यांनी दावली, मग मजुरी नको व्हय?"

तुमच्या कामातली चूक तुमास्नी कुणी दावली? खाली लिवा, खडू हितंच ठेवलाय. मुंगी असली तरी चालंल.