ओव्हरक्लॉकिंगला जिनिंगचा कूलर

पहिल्या राउंडच्या चौथ्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली. शाहीनने माउसवरचा हात काढला नाही. फक्त मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नांदुऱ्याच्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदाच थंडी वाजली.

"वानखडे भाऊ, काय केलं तुम्ही?"

"मी? लाइट गेली असन."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

मी कॉम्प्युटर रिपेअरवाला. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मशीनं बघायला जायचो. तालुक्यात माझ्याइतका जाणकार नाही असं लोक म्हणत. लोक म्हणजे मी. शाहीन तिथे काट्यावर बसायची. गाडी आली की वजनाची पावती काढायची. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नेमबाजीचा ऑनलाइन गेम असा खेळायची, की आपण मेलो हे समोरच्याला तिसऱ्या दिवशी कळायचं.

पुण्याच्या एका टीमने तिला चाचणीला घेतलं होतं. तीन राउंड, इथूनच ऑनलाइन. दोन जिंकले तर टीममध्ये पगारी जागा. त्या वर्षी बीटीच्या कापसातही बोंडअळी शिरली होती. माल निम्माही आला नव्हता, आणि महिनाअखेर जिनिंग बंद, असं मालकांनी, म्हणजे सेठजींनी, सांगून टाकलं होतं. जिनिंग बंद म्हणजे काटा बंद, म्हणजे शाहीनची नोकरी बंद.

म्हणून मी मदत करायची ठरवली. तिने मागितली नव्हती.

चाचणीच्या दिवशी सकाळी आधी माउस धरला. डीपीआय म्हणजे हात एक इंच हलवला तर पडद्यावर नेम किती सरकतो, त्याचा आकडा. तिचा आठशे होता. मी बत्तीसशे केला. जास्त आकडा म्हणजे जास्त भारी, टीव्ही घेतानाही मी हेच बघतो. वर अ‍ॅक्सिलरेशन चालू केलं, म्हणजे हात जोरात मारला की नेम आणखी लांब पळतो. शाहीनने माउस जरासा हलवला, तर नेम थेट जळगाव जिल्ह्यात.

"भाऊ, तेच पोतं काट्यावर दोनदा ठेवलं तर वजन दोनदा तेच यायले पायजे का नाही? घाईनं ठेवलं म्हून जास्त भरते काय?"

तिने दोन्ही सेटिंगं परत जागेवर आणली. शहाणा माणूस इथे घरी जातो.

मी ओव्हरक्लॉकिंग केलं. म्हणजे प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचं. नीट करायचं तर वेग थोडा थोडा वाढवावा, दर वेळी तासन्‌तास मशीन चालवून आतलं तापमान बघावं. मी सगळा वेग एका दमात वाढवला आणि तापमान बोट लावून बघितलं. बोट कॅबिनेटला लावलं होतं. तरी प्रोसेसर तापणार एवढं मला कळत होतं. म्हणून कॅबिनेटची एक बाजू उघडली आणि समोर पाण्याचा कूलर लावला. हवा जास्त यावी म्हणून कूलरची गवताची जाळी काढून फेकली. ही युक्ती कुठल्याच पुस्तकात नाही. का नाही, ते चाचणीच्या चौथ्या मिनिटाला कळलं.

पहिला राउंड गेला. मधे दहा मिनिटं होती. टॉर्च मारून आत पाहिलं. जिनिंगच्या हवेत रुईचे तंतू उडतातच. जाळी नव्हती, त्यामुळे कूलरने ते मागून ओढले, ओले केले आणि प्रोसेसरच्या पंख्यावर थापले. आत एका माणसाला पुरेल एवढी गादी झाली होती. प्रोसेसर इतका तापला की टेबलावरची लाख वितळली, असं मी अजून सांगतो. वितळली नव्हती. मऊ पडली होती, तीही उन्हाने. मशीनने जीव वाचवायला स्वतःला बंद करून घेतलं होतं. आम्हा दोघांत अक्कल त्यालाच होती.

सेठजी दारात आले. "काय झालं बे?"

"टेक्निकल प्रॉब्लेम आहे, सेठजी."

"म्हणजे तूच."

शाहीनने माउस उपटला आणि काट्याच्या खोलीत गेली. तिथला जुना कॉम्प्युटर मी भंगारात काढायला सांगितला होता. चित्रांचा दर्जा कमी केला की गेम त्यावर चालायचा. पण बाहेर फरदडीच्या, म्हणजे अगदी शेवटच्या वेचणीच्या, कापसाची बैलगाडी उभी होती, आणि पावती त्याच कॉम्प्युटरवर निघायची.

"काका, अर्धा घंटा थांबता काय?"

गाडीवाल्या काकांनी आपल्या अर्ध्या भरलेल्या गाडीकडे पाहिलं. "थांबतो पोरी. अळीसाठी अख्खा हंगाम थांबलो."

"मी एकदा सेटिंग बघू का?" मी म्हणालो.

"भाऊ, हात लावू नका."

इंटरनेटची केबल तिथवर ओढली. टोकाची क्लिप तुटलेली. सोडली की निसटायची. मग ती अंगठ्याने दाबून मी टेबलाखाली उकिडवा बसलो. वरून फक्त माउसची टिकटिक. आधी पाय झोपले, मग कंबर.

"काय चालू आहे?"

"गप बस बे," सेठजी म्हणाले.

बऱ्याच वेळाने काकांचा आवाज आला, "जिंकली वाटते."

"काऊन?" मी खालून विचारलं.

"हासून राह्यली."

तिसऱ्या राउंडनंतर मला विचारावं लागलं नाही. शाहीनने हेडफोन काढला, टेबलाखाली वाकून "भाऊ, सोडा आता" म्हणाली, आणि सगळ्यात आधी काकांची पावती काढली.

महिन्याभराने पुण्याहून शाहीनचा फोन आला. "भाऊ, कोच विचारत होते, गावाकडं तुझं मशीन कोण सांभाळे म्हून."

मी खुर्चीत ताठ बसलो. "मग काय सांगितलं?"

"सांगितलं, एक भाऊ हायेत. केबल चांगली धरतात."

तेव्हापासून कोणी मशीन फास्ट करून मागितलं की मी आधी ब्रश काढतो. आत साफ करतो, कूलरची जाळी जागेवर ठेवतो, आणि माउसचं ज्याचं त्याला विचारतो. निम्मी मशीनं तेवढ्यानेच पळतात. उरलेल्यांसाठी माझा अंगठा आहेच.