परण्याची गाडी बंद पडत नसते

गाडी जोरात कुणीही चालवतं. त्यात काय मोठंसं? खरा कस लागतो तो परण्यात. नवरदेवाला गाडीत बसवून वाजतगाजत मांडवाकडे न्यायचं, पुढे बँड, बँडपुढे नाचणारी अख्खी भावकी, आणि वेग किती, तर गुडघे दुखणारी म्हातारी चालेल तेवढा. एक किलोमीटरला दीड तास. अशा चालीत जुनी गाडी हमखास आचके देते आणि बंद पडते. आणि नवरदेवाची गाडी बंद पडली की झालंच. पुढे दहा वर्षांनी नवरा-बायको भांडले तरी लोक म्हणणार, "तवाच गाडी बंद पडली हुती."

आमच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. काष्टीजवळच्या एका बागायतदाराच्या पेट्रोलच्या जुन्या जीपवर ते तीस वर्षं ड्रायव्हर होते. मालक दिलदार होता. पंचक्रोशीत कुणाचंही लग्न असो, जीप द्यायचा आणि जीपबरोबर अण्णा. अण्णांची ख्याती एकच: तीस वर्षांत यांच्या हातून परण्याची गाडी एकदाही बंद पडली नाही. पाटलांची लग्नं म्हणू नका, व्यापाऱ्यांची म्हणू नका, लोक आधी अण्णा मोकळे आहेत का ते बघायचे आणि मग तारीख धरायचे. घरी आम्हाला हे ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

मला गाडी त्यांनीच शिकवली. म्हणजे शिकवली असं त्यांचं म्हणणं. त्या जीपला सगळं हाताने आणि पायाने भरवावं लागायचं. थंडीत चोक ओढा, क्लच अर्धा दाबून धरा, दुसऱ्या पायाने बेताची रेस द्या, कान इंजिनकडे ठेवा. आवाज बसायला लागला की रेस, जास्त झाली की जीप बेडकासारखी उडी मारणार. मी क्लच सोडायचे आणि जीप गचके खाऊन गप्प व्हायची. अण्णा बाजूला बसून रस्त्याकडे बघत विचारायचे, "पाडली बंद?" अहो, दिसतंय ना पडली ते! कशाला विचारायचं? वर म्हणायचे, "तुझा पाय जड हाय, पोरी. हे तुझं काम न्हाई." मी नगरला नोकरी करत होते, लायसन्स पहिल्या फटक्यात काढलं होतं, आणि या माणसाच्या तोंडून एकदा "बरी चालवलीस" एवढंसुद्धा निघत नव्हतं. मला फार लागायचं ते. आजही सांगताना नाकपुड्या फुगतात बघा.

मग नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी आम्ही नवराबायकोंनी नवी कोरी गाडी घेतली. गिअर हातानेच टाकायचे, क्लच होताच, पण कार्बुरेटर गायब आणि चोकचा पत्ता नाही. पहिल्याच दिवशी वर्कशॉपमधला मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, पहिला टाका, क्लच हळू सोडा, आणि दोन्ही पाय काढून घ्या." मी म्हटलं, काय वेड लागलंय का? पण केलं. आणि ती गाडी स्वतःहून चालायला लागली! हळू, शहाण्यासारखी. त्याने समजावलं, की इंजिनचे फेरे कमी व्हायला लागले की आतल्या छोट्या कॉम्प्युटरला लगेच कळतं. तो हवेची वाट जरा जास्त उघडतो, त्या मापात पेट्रोल वाढवतो, आणि इंजिन बसत नाही. चुलीतला जाळ कमी झाला की भाकरी थापता थापता बाई लाकूड आत सारते, तसं. फक्त एक लक्षात ठेवा, म्हणाला, ब्रेक दाबताना क्लचही दाबायचा. नुसता ब्रेक दाबून इंजिनाचा गळाच आवळला, तर कॉम्प्युटर तरी काय करणार?

हे मी गावी येऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, कमरेवर हात ठेवून पाच मिनिटं आत बघितलं आणि विचारलं, "कॉम्प्युटर कुठाय? टीव्ही तर दिसंना." मी म्हटलं, टीव्ही नसतो त्याला. "मग त्याला दिसतं कसं?" त्यात त्या डिसेंबरात पेपरवाल्यांनी उठवलं होतं की नवं साल लागलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडणार. अण्णांनी बॉनेट आपटलं आणि निकाल दिला, "एकतीस तारखेपत्तुर चालवून घे."

त्याच डिसेंबरात धाकट्या भावाचं लग्न निघालं. भाऊ म्हणाला, "परण्याला ताईची गाडी, आणि चालवणार ताई." बाई नवरदेवाची गाडी चालवणार, तेही अण्णा घरात असताना! आईने तोंडाला पदर लावला. आत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, म्हणाली, "आन् बंद पडली म्हंजी?" मी म्हटलं, आत्या, आपण शकुन-अपशकुन मानत नाही, विहारात आपण प्रतिज्ञा घेतल्यात ना? आत्या म्हणाली, "मानत न्हाईच. पर बंद पडू नये." अण्णांनी खूप वेळ सुपारी कातरली आणि शेवटी म्हणाले, "चालव. मी म्होरं बसतो. एकदा जरी बंद पडली तर मी घेनार." मी मनात म्हटलं, आता बघाच. आज या माणसाकडून कबूल करून घेतल्याशिवाय सोडत नाही.

परण्या निघाला. मागे भाऊ, पांढरा सूट, फेटा डोळ्यांवर उतरलेला. शेजारी अण्णा, हात मांडीवर, कान इंजिनकडे. पण त्या गाडीचा आवाज बँडपुढे ऐकू येईल तर शपथ. दर मिनिटाला विचारायचे, "चालू हाय ना?" मी म्हणायचे, अण्णा, तुम्ही बसलाय ती गाडी चालतीये ना, म्हणजे चालू आहे! लोक थांबले की मी क्लच-ब्रेक दाबायचे, लोक हलले की क्लच सोडायचे आणि पाय काढून घ्यायचे. अण्णांची नजर माझ्या पायांवर. पाय खाली नुसते मांडलेले बघून त्यांचाच उजवा पाय आपोआप रेस द्यायला लागला. समोरच्या रबरी पायपुसण्यावर जोरजोरात. पुलाच्या चढावर गाडी जरा थरथरली. अण्णांनी दाराची मूठ घट्ट धरली. मग आत कुठेतरी त्या अदृश्य बाईने लाकूड सारलं, इंजिन सावरलं, आणि आम्ही चढ ओलांडला. अण्णा पायपुसणं तुडवायचे थांबले. मला आतून आनंदाच्या अशा उकळ्या फुटत होत्या म्हणून सांगू!

विहार शंभर पावलांवर राहिला आणि आत्याच्या अंगात आलं. अंगात म्हणजे नाच. गाडीकडे तोंड करून, पदर खोचून, उलटी चालत नाचायला लागली. बँडवाल्यांनी एक गाणं संपवलं, दुसरं सुरू करायच्या मधल्या त्या क्षणी तिचा पाय कुणाच्या तरी चपलेवर पडला, आणि आत्या बदकन गाडीपुढे बसली. मी ब्रेकवर उभीच राहिले. क्लचबिच कुणाला आठवतोय! गाडी एक गचका देऊन जागेवर थांबली, आत्यापासून वीतभर अलीकडे. आणि बंद पडली.

बँड गप्प होता, त्यामुळे ती शांतता सगळ्यांनी ऐकली. आत्या स्वतः जमिनीवर बसलेली, आणि पहिली तीच ओरडली, "बया गं! बंद पडली का काय?" मागून भाऊ फेट्याखालून म्हणाला, "ताई?" माझे कान तापले. मी अण्णांकडे बघितलंसुद्धा नाही. आता म्हणणार, पाडली बंद? सरक तिकडं.

माझी काच खालीच होती. अण्णांनी उजवा हात माझ्यापुढून आडवा घालून माझ्या खिडकीतून बाहेर काढला, ड्रायव्हर काढतो तसा, आणि पंजा दोनदा हलवला. पुढे बँडचा म्हातारा मालक मोठा ढोल गळ्यात घालून उभा होता. त्याने तो हात बघितला मात्र, आणि असा काही ढोल बडवायला सुरुवात केली की काचा हादरल्या. "मार किल्ली," अण्णा म्हणाले. मी किल्ली फिरवली. स्टार्टरचा आवाज मलासुद्धा ऐकू आला नाही. गाडी चालू झाली, आत्या उठून नाचायला लागली, आणि बंद पडली होती की नव्हती यावर लोकांचं एकमत होईना.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला दहा पावलं लागली.

"अण्णा," मी म्हटलं, "तुमची कितीदा बंद पडलीये?"

"लई बारी," अण्णा समोर बघत म्हणाले. "पेट्रोलची जीप ती, न पडाया काय झालं? बँडवाला आपला हुता. हात दिसला की त्यो ढोल बडवायचा."

मी इतकी भडकले! तीस वर्षांची ख्याती, माझा जड पाय, ती सगळी बोलणी! "मग मला का सांगितलं नाही? मला रडवलंत तुम्ही!"

अण्णा इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. "दुसऱ्या ड्रायव्हरची बंद पडली आस्ती तर लोक म्हनले आस्ते, गाडी बंद पडली. माझी पडली आस्ती तर म्हनले आस्ते, ह्याला आपल्या नवरदेवाच्या गाडीवर बसवला कुनी? घरातनं बाहेर फुटलं म्हंजी? मग घरात तरी कुनाला सांगू? तुझ्या आईलाबी ठाव न्हाई." मग त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली. "चालव आता. आज आपल्या घरचा परण्या हाय."

विहाराच्या दाराशी पोरं अचानक गाडीपुढे आडवी आली. मी पुन्हा घाबरून नुसता ब्रेक दाबला, आणि गाडी पुन्हा बंद पडली. बँडवाल्याने ढोलाचं टिपरू उचलून आमच्याकडे बघितलं. अण्णांनी हात बाहेर काढला नाही.